मुलांचे साहसखेळ : फुकट ते पौष्टिक?

शाळांना सुट्टी लागली की मध्यमवर्गीय घरांत एक ठरावीक प्रसंग घडतो. सहा-सात वर्षांचे मूल मोबाइलसाठी हट्ट धरून बसते. आई कामात असते, वडील कचेरीतून नुकतेच आलेले असतात. 'निदान काही तरी चांगले, डोक्याला चालना देणारे लावून द्या,' असा तोडगा निघतो आणि मोबाइलवरील दुकानात 'साहस' या शब्दाचा शोध घेतला जातो. क्षणार्धात शेकडो खेळ समोर उभे राहतात. त्यांतून निवड करताना दोनच गोष्टी पाहिल्या जातात : वयाचा आकडा आणि किंमत. वयाच्या जागी तीन किंवा सात असावे, किमतीच्या जागी काही नसावे, की काम झाले. वांगी घेताना प्रत्येक वांगे उलटून पाहणारा गृहस्थ मुलाच्या हातात पुढे कित्येक महिने राहणारी वस्तू अर्ध्या मिनिटात निवडून मोकळा होतो.

यात पालकांचा आळस आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाजारपेठ ग्राहकासमोर जी चिन्हे ठेवते त्यांवरूनच ग्राहक निवड करणार, आणि या बाजारपेठेने ठळकपणे ठेवलेली चिन्हे ही दोनच आहेत. प्रश्न एवढाच की, ती पुरेशी आहेत काय? थोडा विचार केला तर असे दिसते की, वयाचा आकडा अर्धेच सांगतो आणि शून्य किंमत तर बहुधा दिशाभूलच करते. ज्या गोष्टीची चौकशी सर्वांत आधी व्हायला हवी ती मात्र कोणी करीत नाही. ती गोष्ट म्हणजे, हा खेळ रचणाऱ्याला पैसे केव्हा आणि कशाबद्दल मिळतात?

एका बापाने रचलेली गुहा

साहसखेळ हा प्रकार मुळात कशासाठी जन्माला आला, हे पाहण्याजोगे आहे. १९७५-७६ च्या सुमारास विल क्राउदर हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे नोकरीस होता. गुहा धुंडाळण्याचा त्याला नाद होता. केंटकी राज्यातील 'मॅमथ केव्ह' या अवाढव्य गुहाजालाचे नकाशे तयार करण्याच्या कामात त्याने भाग घेतला होता. घटस्फोटानंतर मुलींशी असलेला धागा तुटू नये म्हणून त्याने त्यांच्यासाठी संगणकावर एक गुहा रचली. तीत चित्र एकही नव्हते. पुढे काय दिसते याचे वर्णन पडद्यावर उमटे आणि खेळणाऱ्याने 'उत्तरेला जा', 'दिवा घे' अशा एक-दोन शब्दांच्या आज्ञा द्यायच्या. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने क्राउदरच्या संमतीने तिच्यात भर घातली आणि हा खेळ तेव्हाच्या संगणकजाळ्यावरून विद्यापीठांत पसरला. 'ॲडव्हेंचर' हे त्याचे नावच पुढे या संपूर्ण प्रकाराला पडले. या खेळात काही विकले जात नव्हते.

१९८६ मध्ये जपानमध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ बाजारात आला. तो रचणाऱ्या शिगेरू मियामोतो यांनी त्याची प्रेरणा आपल्या बालपणात असल्याचे सांगितले आहे. क्योतोजवळच्या सोनोबे गावाभोवतालच्या टेकड्यांत भटकताना त्यांना लहानपणी एक गुहा सापडली होती आणि भीती गिळून, कंदील घेऊन ते तिच्यात उतरले होते. दोन टोकांच्या दोन देशांत साहसखेळाचे मूळ असे एकाच अनुभवात सापडते : अनोळखी जागा, हातातला छोटा दिवा, थोडी भीती आणि पुढे काय असेल याची ओढ.

मराठी मुलांना हा अनुभव परका नाही. लेकीकडे निघालेल्या आणि भोपळ्यात बसून परतलेल्या म्हातारीची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली ती याच बळावर. वाटेत जंगल आहे, वाघ आहे. म्हातारीपाशी शस्त्र नाही, केवळ युक्ती आहे. आणि अखेर ती सुखरूप घरी पोचते. त्याहून मोठ्या मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे उभा केला, तोही सायकल आणि तल्लख डोके एवढ्याच भांडवलावर. धोका, युक्ती आणि शेवट हे तीन घटक चांगल्या साहसकथेत असतात तसेच ते चांगल्या साहसखेळातही असले पाहिजेत. यांपैकी शेवट हा घटक आजच्या बाजारपेठेने मुलांच्या हातून काढून घेतला आहे. तो का, हे समजून घेण्याआधी वयाच्या आकड्याकडे पाहू.

आकडा काय सांगतो?

१९९३ साली अमेरिकन सिनेटमध्ये हिंसक व्हिडिओ गेमविषयी सुनावण्या झाल्या. सरकारी नियंत्रणाची टांगती तलवार दिसू लागताच उद्योगाने १९९४ मध्ये स्वतःचे 'एन्टरटेनमेंट सॉफ्टवेअर रेटिंग बोर्ड' स्थापन केले. युरोपात २००३ मध्ये 'पेगी' ही व्यवस्था आली व तिने ३, ७, १२, १६ आणि १८ असे पाच टप्पे ठरवले. मोबाइलवरील दुकानांत तर रोज इतके खेळ येतात की प्रत्येक खेळ कोणी खेळून पाहणे अशक्यच; म्हणून भारतात अँड्रॉइड मोबाइलवर दिसणारा आकडा प्रामुख्याने निर्मात्याने भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो.

या व्यवस्था निरुपयोगी आहेत असे नव्हे. रक्तपात, अश्लीलता, शिवराळ भाषा, जुगार यांपासून त्या सावध करतात. परंतु 'तीन' या आकड्याचा अर्थ तीन वर्षांच्या मुलाला आक्षेपार्ह असे यात काही नाही, एवढाच आहे. तो खेळ त्या वयाच्या मुलाला जमेल किंवा झेपेल, असा त्याचा अर्थ होत नाही. आकडा अवघडपणा मोजत नाही, हे 'पेगी'नेच स्पष्ट केले आहे. १९८४ चा 'किंग्ज क्वेस्ट' हा परीकथेच्या वळणाचा खेळ घ्या. त्यात बीभत्स असे काही नव्हते. पण एक पाऊल चुकले की नायक खंदकात पडून मरे आणि आधी जपून ठेवले नसेल तर सारे पुन्हा करावे लागे. सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आणायला एवढे पुरते. खेळाच्या पोटात चालणाऱ्या खरेदीविक्रीची नोंद तर अमेरिका व युरोपातील या दोन्ही व्यवस्थांनी २०१८ पासून करायला सुरुवात केली, आणि तीही वयाच्या आकड्यात न मिसळता स्वतंत्र शेरा म्हणून.

शून्य किमतीचे अर्थकारण

'फुकट ते पौष्टिक' ही म्हण उपहासाने वापरली जाते, तरी तिच्यातला मोह खरा आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात ग्राहकाच्या सार्वभौमत्वाचा सिद्धांत शिकवतात : ग्राहक पैसे देतो, म्हणून उत्पादक त्याच्या आवडीप्रमाणे माल करतो. या सिद्धांतात निवडणारा, वापरणारा आणि पैसे देणारा हा एकच माणूस गृहीत धरलेला असतो. मुलांच्या फुकट खेळात ही तीन माणसे वेगळी होतात. निवडतो पालक, खेळते मूल आणि पैसे देतो जाहिरातदार, अथवा सावध नसेल तर पुन्हा तोच पालक, पण महिनाअखेर आणि नकळत.

जाहिरातदार विकत घेतो ते मुलाचे लक्ष. माहिती विपुल झाली की लक्ष दुर्मीळ होते, असे प्रतिपादन हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच केले होते. पुढे १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुर्मीळ वस्तूला भाव येतो, या न्यायाने लक्षालाही भाव आला. मात्र आपण काय देऊन बसतो आहोत, हे ज्याला कळत नाही असा विक्रेता या बाजारात बसला आहे, आणि त्याचे वय सात आहे.

दुसरा मार्ग खेळातील खरेदीचा. येथे रुपये थेट मागितले जात नाहीत. रुपयांची आधी रत्ने होतात, रत्नांची नाणी, नाण्यांच्या किल्ल्या आणि किल्लीने पेटी उघडते. आयर्व्हिंग फिशर यांनी १९२८ मध्ये 'मनी इल्यूजन' या नावाचे पुस्तक लिहिले. नाण्यावरचा आकडा हेच खरे मूल्य समजून माणसे कशी फसतात, हा त्याचा विषय होता. प्रौढांची ही गत असेल तर पहिलीतल्या मुलाने रत्नांचा रुपयांतला भाव काढावा ही अपेक्षाच व्यर्थ.

हा केवळ तर्क नाही. 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा २०२० मध्ये आलेला खेळ साहसखेळच आहे : विस्तीर्ण प्रदेश, डोंगर, भग्न मंदिरे, आणि ताटातूट झालेल्या भावंडाचा शोध. तो घ्यायला एक पैसा पडत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्या कंपनीवर असा आरोप ठेवला की, अनेक पायऱ्यांच्या नाण्यांमुळे आणि नशिबावर उघडणाऱ्या पेट्यांमुळे खरा खर्च व बक्षिसाची शक्यता यांविषयी मुलांची दिशाभूल होते. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने दोन कोटी डॉलर भरण्याचे आणि सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवाचून अशा पेट्या न विकण्याचे मान्य करून प्रकरण मिटवले. त्याआधी २०१४ मध्ये ॲपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे याच आयोगापुढे कबूल केले होते. पालकाने एकदा परवलीचा शब्द दिला की पुढची पंधरा मिनिटे मुलाला पुन्हा न विचारता खरेदी करता येत असे आणि याची पालकांना कल्पना दिली जात नसे, ही तेथील मुख्य तक्रार होती.

तथापि पैशांचे नुकसान हा प्रश्नाचा लहान भाग म्हणावा लागेल. मोठा भाग खेळाच्या घडणीचा आहे. ज्याला खेळाची किंमत एकदाच आणि आरंभी मिळते, त्याचे हित खेळ चांगला होण्यात असते. मुलाने तो पूर्ण करावा, समाधानाने बाजूला ठेवावा आणि पुढे त्याच निर्मात्याचा दुसरा खेळ मागावा, यातच त्याचा फायदा. ज्याचे उत्पन्न रोजच्या जाहिरातींतून आणि रोजच्या खरेदीतून येते, त्याला खेळ संपणे परवडत नाही. म्हणून दार उघडायला चार तास थांबावे लागते, नाही तर रत्ने द्यावी लागतात. एक दिवस खंड पडला की बक्षीस बुडते. आणि गुहेमागून गुहा येत राहते, पण बाहेर पडण्याची वाट कोठेच नसते. मोबाइल काढून घेतला की मूल रडते, तेव्हा त्याच्या हट्टी स्वभावाला दोष दिला जातो. गोष्ट अर्धी सांगून कोणी उठून गेले तर मोठी माणसेही चिडतात, आणि येथे तर गोष्ट जाणूनबुजून अर्धी ठेवलेली असते.

शेवट असलेले खेळ

तेव्हा साहसखेळ निवडताना पहिली कसोटी शेवटाची. हा खेळ संपतो काय आणि साधारण किती तासांत? दुसरी कसोटी चुकीच्या किमतीची. चुकल्यावर मूल पुन्हा प्रयत्न करू शकते, की त्याला शिक्षा होते आणि ती टाळायला पैसे मागितले जातात? तिसरी थांबण्याची. जेवायला हाक मारली तर खेळ तेथेच ठेवून उठता येते काय? चौथी सोबतीची. खेळात अनोळखी माणसे मुलाशी बोलू शकतात काय? आणि पाचवी, भोपळ्यातल्या म्हातारीची : अडचण युक्तीने सुटते, की केवळ शस्त्राने?

या कसोट्यांना उतरणारे खेळ आहेत. रॉन गिल्बर्ट यांनी साहसखेळांतील दोषांवर १९८९ मध्ये एक लेख लिहिला होता. खेळणाऱ्याला उगीच मारू नये, अडकवून ठेवू नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी शेली डे यांच्यासमवेत १९९२ मध्ये लहान मुलांसाठीच एक कंपनी काढली. तिचा १९९६ मधील 'पजामा सॅम' हा खेळ आजही मिळतो. अंधाराला भिणारा सॅम हा लहान मुलगा एके रात्री अंधारालाच पकडायला निघतो. वाटेत पाण्याला भिणारी एक लाकडी होडी भेटते. लाकूड पाण्यावर तरंगते हे तिला दाखवून दिले की ती सॅमला घेऊन निघते. शेवटी अंधार भेटतो तो एकटा, खेळायला सोबती नसलेला. येथे कोणी मरत नाही, घड्याळ धावत नाही, आणि रात्री दिवा मालवताना मुलाशी बोलायला आईबापांना एक विषय मिळतो.

'अ शॉर्ट हाइक' हा २०१९ चा कॅनडातील खेळ काही तासांत पुरा होतो. क्लेअर नावाची पक्षीण एका महत्त्वाच्या फोनची वाट पाहत आहे. फोन लागावा म्हणून तिला डोंगराचे शिखर गाठायचे आहे. वाटेत कोणी मासे पकडतो आहे, कोणाची वस्तू हरवली आहे. त्यांना मदत करावी किंवा सरळ वर जावे, घाई नाही. २०२० च्या 'अल्बा' या खेळात एक मुलगी आजीआजोबांकडे भूमध्य समुद्रातील बेटावर सुट्टीला येते, पशुपक्ष्यांची छायाचित्रे काढते, कचरा उचलते आणि राखीव वनाच्या जागी हॉटेल होऊ नये म्हणून गावकऱ्यांच्या सह्या गोळा करते. चळवळीचा एवढा सोपा पाठ नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही क्वचित मिळेल. हे तिन्ही खेळ एकदा पैसे मोजून घ्यायचे आहेत.

उलट, चांगला खेळ म्हणजे लहान मुलाचा खेळ असेही समजू नये. पुण्यातील एका स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी' हा साहसखेळ काढला. भारतीय शिल्प व पुराणकथा यांच्या आधारे उभारलेल्या त्या जगाचे कौतुक झाले आणि ते रास्तही आहे. परंतु धाकट्या भावाला सोडवायला निघालेली त्याची नायिका पावलोपावली राक्षसांशी शस्त्रांनी लढते. तो खेळ किशोरवयीनांसाठी ठेवावा. आपल्या मातीतला म्हणून सहा वर्षांच्या मुलाला देऊ नये.

वेळेचे पथ्य तर हवेच. पाच वर्षांखालील मुलांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मार्गदर्शन केले आहे : वर्षाच्या आतील बाळाला पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासापेक्षा अधिक नको, कमी तितके बरे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही पालक व शिक्षकांना ऑनलाइन खेळांबाबत सूचना दिल्या असून संमतीवाचून होणाऱ्या खरेदीला आळा घालण्यावर त्यांत भर आहे. संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. रत्ने विकणारा साहसखेळ मुलाला द्यावा की नाही, हा निर्णय त्याने पालकांकडेच ठेवला आहे.

उरलेला प्रश्न

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. पैसे मोजून खेळ घ्या, हा सल्ला पगारदार माणसाला ठीक. पण ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि त्याचे रिचार्जही जुळवून करावे लागते, त्या घराने काय करावे? त्यात हे खेळ इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी. मराठी शाळेतल्या दुसरीच्या मुलाला शिखरावरच्या संवादातले अक्षरही कळणार नाही. म्हणजे शेवट असलेले, शांत, सभ्य साहस इंग्रजी येणाऱ्या सुस्थितीतील मुलांना, आणि जाहिरातींनी चिरफाड केलेले, कधी न संपणारे साहस बाकीच्यांना, अशी ही वाटणी होते.

या आक्षेपाला एक तात्पुरते उत्तर आहे आणि एक टिकाऊ. तात्पुरते असे की, पालकाने अथवा थोरल्या भावंडाने शेजारी बसून खेळ मराठीत सांगत जावे. क्राउदरची गुहाही अखेर शब्दांचीच होती. पुढे काय दिसते, कोठे जायचे, कोणती वस्तू उचलायची, याची चर्चा सुरू झाली आणि वहीच्या पाठीमागच्या पानावर गुहेचा नकाशा उतरला, की खेळाला गोष्टीचे रूप येते.

टिकाऊ उत्तर सार्वजनिक पैशाने शोधले पाहिजे. खेळ एकदा तयार झाला की त्याची आणखी एक प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि एका मुलाने तो खेळल्याने दुसऱ्याच्या वाट्याचा कमी होत नाही. अशा वस्तूचा खर्च समाजाने एकदाच उचलून ती सर्वांना खुली करावी, हे अर्थशास्त्राचे जुने तत्त्व आहे. महाराष्ट्राला हा मार्ग अनोळखी नाही. पाठ्यपुस्तकांसाठी १९६७ मध्ये 'बालभारती' स्थापन झाली आणि तिनेच १९७१ मध्ये 'किशोर' मासिक सुरू केले. परीक्षेशी संबंध नसलेले वाचनही मुलांचा हक्क आहे आणि ते परवडणाऱ्या किमतीत मिळाले पाहिजे, हा विचार त्यामागे होता. त्याच विचाराने एखादा मराठी साहसखेळ का निघू नये? सह्याद्रीतला घाट, कातळात कोरलेली लेणी, पावसात बंद झालेली वाट आणि पलीकडच्या गावात पोचवायचा एक निरोप. एवढ्यावर चांगला खेळ उभा राहील. त्यात जाहिरात नसावी, रत्ने नसावीत आणि निरोप पोचला की तो संपावा.

असा खेळ निघेपर्यंत निवडीचा भार घराघरांवरच आहे. खेळ मुलाच्या हाती देण्यापूर्वी अर्धा तास स्वतः खेळून पाहणे, साठवलेले कार्ड मोबाइलमधून काढणे आणि खरेदीला दर वेळी परवलीचा शब्द लावणे, एवढे कोणालाही करता येण्याजोगे आहे. त्या अर्ध्या तासात खेळाने पहिले काय मागितले, हे तेवढे लक्षात ठेवावे. त्याने थोडा विचार मागितला असेल तर तो मुलाला द्यावा. पेटी उघडण्यासाठी काही मागितले असेल, तर मोबाइल ठेवून म्हातारीची गोष्ट सांगायला बसावे. तीही फुकट आहे, आणि तिला शेवट आहे.